खादीचं तिकीट भिंतीवर लावून बघितलं: डिस्प्ले फ्रेम, स्टॉकबुक, माउंट आणि बाबांची न फोडलेली पाकिटं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाही, चार-पाच वस्तूंचा मिळून आहे, कारण माझा प्रश्न एकच होता. पोस्टाची चांगली तिकिटं फ्रेम करून भिंतीवर लावायची की पोस्टाने ज्या पाकिटात, फोल्डरात दिली त्यातच कपाटात ठेवून द्यायची? त्या एका प्रश्नापायी गेल्या दोन वर्षांत माझे पाचेक हजार गेले, त्यातले निम्मे वाया गेले आणि एक खादीचं तिकीट थोडंसं बिघडलं. ते आता दुरुस्त होणार नाही. तुमचं बिघडू नये म्हणून एवढं लिहितेय.

तिकिटं माझी नाहीत, बाबांची. मुंबई जीपीओच्या फिलाटेली ब्युरोत (पोस्टाचा तिकीट जमवणाऱ्यांसाठीचा विभाग) त्यांचं डिपॉझिट अकाउंट होतं, म्हणजे दोनशे रुपयांपासून पुढे पैसे भरून ठेवायचे आणि नवीन तिकीट निघालं की ते घरी पोस्टाने येतं, पैसे खात्यातून वळते होतात. ही सोय अजूनही चालू आहे बरं का, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तर बाबांनी सुरुवातीची बरीच वर्षं आलेलं प्रत्येक पाकीट उघडून तिकिटं वहीत लावली, मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग कंटाळा, आणि पुढची पाकिटं आली तशी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात राहिली. बाबा गेल्यावर डबा माझ्याकडे डोंबिवलीला आला. दादाने पुण्याहून फोनवर एवढंच बजावलं, "अगं फोडू नकोस हं काही, पॅकिंग फोडलं की किंमत गेली." दादाचा अभ्यास खेळण्यातल्या गाड्यांवर झालाय, त्याच्याकडे डबीबंद गाड्या आहेत तीसेक, त्यामुळे त्याला सगळं जग डबीबंद दिसतं.

डब्यात काय काय होतं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. २००६ च्या डिसेंबरात निघालेलं चंदनाच्या वासाचं १५ रुपयांचं तिकीट, आपल्याकडचं पहिलं सुगंधी तिकीट. २००७ च्या फेब्रुवारीतली गुलाबांची चार तिकिटं आणि त्यांची मिनिएचर शीट, म्हणजे तीच तिकिटं असलेला छोटा ताव. २००८ चा मोगरा. आणि डब्यातलं सगळ्यात भारी म्हणजे २०११ चं गांधीजींचं खादीचं तिकीट. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगायचं तर हे कागदावर नाही, खरोखरच्या खादीच्या कापडावर छापलेलं आहे, दर्शनी किंमत १०० रुपये, दिल्लीत इंडिपेक्स हे तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं तेव्हा १२ फेब्रुवारी २०११ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते निघालं. ते प्रदर्शन भरण्याला एक निमित्त होतं, बरोबर शंभर वर्षं आधी १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नदीपलीकडे नैनीला विमानाने टपाल गेलं होतं, हेन्री पेके नावाचा फ्रेंच वैमानिक होता. बाबा हे सगळं जेवताना सांगायचे आणि आम्ही भाजी संपवायचो.

असं तिकीट डब्यात का ठेवायचं, असं मला वाटलं. बघायलाच नको तर छापलं कशाला.

डिस्प्ले फ्रेम

पहिली फ्रेम ऑनलाइन मागवली, खोलगट पेटीसारखी असते ती, पुढे काच, आत काळी मखमल, वर्णनात "यूव्ही प्रोटेक्शन" लिहिलेलं. चौदाशे रुपये. आली ती बघून आधी खूश झाले कारण दिसायला खरंच देखणी होती, लाकूड बरं होतं, कोपरे नीट जोडलेले. मग बघितलं तर काच नाहीच, साधं पातळ प्लास्टिक, आणि यूव्हीचा पुरावा म्हणून एक स्टिकर. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं की "मॅडम इट इज प्रीमियम क्वालिटी". ठीक आहे म्हटलं आणि हॉलमध्ये लावली. हीच चूक. आमचा हॉल पश्चिमेला, दुपारी तीन ते साडेसहा ऊन थेट त्या भिंतीवर नसलं तरी भिंत लख्ख उजळते. खादीचं तिकीट आणि गुलाबांची शीट दोन्ही त्यात, कडेने पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट होती तिने दोन्हींचे काठ झाकले गेलेले.

चौदा महिन्यांनी दिवाळीची साफसफाई करताना फ्रेम उघडली. गुलाबांचा लाल-गुलाबी उडालेला, म्हणजे पूर्ण नाही, पण चौकटीखाली झाकलेली कड आणि उघडा भाग यांच्यात पेन्सिलीने आखल्यासारखी रेघ. खादीच्या कापडाचंही तेच, झाकलेला काठ वेगळा आणि मधला भाग वेगळा. भिंतीवर लांबून बघताना चौदा महिन्यांत मला एकदाही जाणवलं नव्हतं कारण शेजारी तुलनेला काही नसतं ना, डोळा रोज थोडं थोडं स्वीकारत जातो.

नंतर वाचलं, आधी वाचायला हवं होतं. उजेडाने गेलेला रंग परत येत नाही, आणि हे नुकसान साठत जातं, आज थोडं उद्या थोडं, मध्ये महिनाभर अंधारात ठेवलं म्हणून भरपाई होत नाही. यूव्ही अडवणारी खरी काच लावली तरी तिने वेग कमी होतो, थांबत नाही, कारण साधा दिसणारा उजेडही रंग खातो. म्युझियममध्ये कागदावरच्या नाजूक वस्तूंसाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड ठेवतात, आपल्या हॉलमध्ये खिडकीशी दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोस्टल म्युझियममध्ये बरीच तिकिटं भिंतीवर टांगलेली नाहीत, उभे खण आहेत, बघायचा तो खण ओढून बाहेर काढायचा, बघायचा, परत ढकलायचा. म्हणजे ज्यांचं कामच दाखवायचं आहे ते सुद्धा तिकिटाला बहुतेक वेळ अंधारातच ठेवतात. हे वाचल्यावर माझ्या हॉलमधल्या फ्रेमची मला लाजच वाटली.

दुसरी फ्रेम मी घराजवळच्या फ्रेमवाल्याकडून करून घेतली, आता ऊन नसलेल्या पॅसेजमध्ये लावायची म्हणून. माणूस चांगला, लग्नाचे फोटो वर्षानुवर्षं करतोय. मी चार वेळा सांगितलं की काका तिकिटाला काही चिकटवायचं नाही, ते हो हो ताई म्हणाले, आणि मग डबल टेपचे दोन बारीक तुकडे तिकिटाच्या मागे. का तर "नाहीतर घसरेल ना ताई." त्यांचं बरोबर आहे, घसरेलच. पण मिंट, म्हणजे कोऱ्या न वापरलेल्या, तिकिटाच्या मागचा गम हीच अर्धी किंमत असते हे त्यांना कुठून माहीत असणार, आणि मी तिथे उभी राहायला हवं होतं. नशीब त्यात मी मोगऱ्याचं जोडीतलं एकच लावायला दिलेलं. टेप काढताना मागचा कागद सोलला गेला.

तर फ्रेम हा प्रकार खऱ्या तिकिटासाठी, पाचपैकी दीड. तो दीड देखणेपणाला.

आणि अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, तिकीट भिंतीवर दिसतच नाही! सोफ्यावर बसून सहा फुटांवरून एवढंसं तिकीट म्हणजे रंगाचा ठिपका. आलेले पाहुणे "हे काय गं?" विचारतात, मग उठून जवळ जातात, चष्मा वर करतात, "अच्छा तिकीट आहे होय" म्हणतात आणि चहाला परत येतात. परफोरेशन म्हणजे काठाचे दाते, खादीचं विणकाम, हे सगळं हातात घेऊन भिंगातून बघायची गोष्ट आहे.

मग पॅकिंगमध्येच बरं का?

दादा एवढा खूश झाला फ्रेमची हकीकत ऐकून की विचारू नका. पण थांब म्हटलं, तुझी पाकिटं पण उघडते.

कारण दादाचं गाड्यांचं लॉजिक तिकिटाला लागत नाही. गाडीची डबी ही गाडीचाच भाग धरतात. तिकिटात बघणारा काय बघतो तर मागचा गम हात न लागलेला आहे का, दाते सगळे शाबूत आहेत का, रंग ताजा आहे का, कागदावर पिवळे-तपकिरी डाग आहेत का. ब्युरोच्या पाकिटाला कोणी विचारत नाही. अपवाद आहेत, खादीचं तिकीट हा अपवाद, ते फोल्डरात निघालं आणि घेणारे फोल्डरसकटच मागतात, मी तीन जणांना विचारून बघितलं तिघांचा पहिला प्रश्न "फोल्डर आहे का मॅडम". तसंच प्रेझेंटेशन पॅक आणि वर्षाच्या तिकिटांचा जो पॅक येतो त्याचं. बाकी सुटी तिकिटं पाकिटात ठेवली काय आणि वहीत ठेवली काय, तिकीट कसं आहे यावर सगळं.

आणि तिकीट पाकिटात कसं होतं ते आता ऐका. सव्वीस पाकिटं उघडली. ब्युरोने तिकिटं बटर पेपरच्या पाकिटात घातली होती ती बहुतेक ठीक निघाली, पण काही पाकिटांत बाबांनीच म्हणा किंवा आणखी कोणी, तिकीट माहितीपत्रकाच्या घडीत सरकवून ठेवलेलं. ती सगळी चिकटलेली. डोंबिवलीचे पंधरा-सोळा पावसाळे, बंद पत्र्याचा डबा, त्यावर बाबांच्या डायऱ्यांचा ढीग, म्हणजे दमटपणा आणि दाब दोन्ही, गमला आणखी काय पाहिजे. बटर पेपरही काही अमर नसतो, जुनी पाकिटं पिवळी आणि कडक झालेली होती, ती बदलावी लागतात हे मला माहीत नव्हतं. आणि दोन पाकिटांत कसर! ती कपड्या-पुस्तकांत असते ती चंदेरी कसर, तिला गमची पेस्ट म्हणजे पक्वान्न. एका शीटच्या कडेला तिने नक्षी काढून ठेवली होती.

चिकटलेली सहा तिकिटं सोडवायला मी जुन्या लोकांची युक्ती केली, डब्यात ओला पिळलेला स्पंज, वर गाळणीची जाळी, जाळीवर तिकीट, झाकण लावून काही तास. दमटपणाने गम सैल होतो आणि कागद अलगद सुटतो. सहातली चार सुटली पण गम विस्कटलेला, म्हणजे आता ती "मिंट" म्हणून विकता येणार नाहीत, बघायला छान. दोन फाटली.

चंदनाच्या तिकिटाचं पाकीट मी सगळ्यात शेवटी उघडलं, मुलाला बोलावून, म्हटलं बघ हं आता वास येईल. तो नाक लावून म्हणाला, "आई, कपाटाचा वास येतोय." खरंच, डांबरगोळ्यांचा! सुगंधी तिकिटाचा वास तसाही काही वर्षांचाच सोबती, शाईत बारीक कणांमध्ये कोंडलेला असतो, घासलं की सुटतो आणि न घासताही हळूहळू जातोच, पॅकिंगने तो राहत नाही. गुलाबाचाही गेलेला. मला उगाच वाटलं की २००६ मध्ये बाबांनी ते पाकीट उघडून एकदा नाकाशी धरलं असतं तर बरं झालं असतं, कोणालातरी मिळाला असता तो वास.

डांबरगोळ्यांवरून आठवलं, तिकिटांच्या कपाटात त्या ठेवूच नका. वास तर लागतोच, पण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ होतात, माउंटचं (माउंट काय ते पुढे येतंच) पारदर्शक प्लास्टिक त्यातलंच.

पॅकिंगचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतला एक किस्सा मला फार आवडतो. तिकडे १९१८ चं एक तिकीट आहे, २४ सेंटचं, विमान चुकून उलटं छापलेलं, शंभर तिकिटांचा एकच ताव बाहेर गेला आणि ते जगप्रसिद्ध झालं. २०१३ मध्ये त्यांच्या पोस्टाने त्याच उलट्या विमानाची दोन डॉलरची नवी तिकिटं काढली, सहाची शीट, बंद पाकिटात, सुमारे बावीस लाख शीटा. आणि त्यात गुपचूप शंभर शीटा सरळ विमानाच्या मिसळून दिल्या! म्हणजे पाकीट फोडल्याशिवाय कळणारच नाही की आपल्याकडे काय आहे. आता दादासारख्या माणसाने काय करायचं? न फोडता ठेवलं तर कदाचित लाखोंची शीट कपाटात, आणि फोडलं तर बहुतेक वेळा बारा डॉलरची तिकिटं आणि एक फाटकं पाकीट. मी दादाला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला, हे त्याच्या बाबतीत फार आहे.

तर ओरिजिनल पॅकिंगमध्ये ठेवणे, पाचपैकी अडीच. पोस्टाचं पॅकिंग तुमच्या हातात तिकीट नीट पडावं म्हणून असतं, वीस पावसाळे काढावे म्हणून नसतं. पोस्टाची ती चूक नाही, चूक आपली की आपण त्याला तिजोरी समजतो.

स्टॉकबुक आणि माउंट

हे खरं कामाचं. आधी स्वस्तातलं स्टॉकबुक, म्हणजे पट्ट्यांमागे तिकिटं सरकवून ठेवायची वही, घेतलं होतं दोनशे साठ रुपयांचं, त्याच्या पट्ट्या पहिल्याच पावसाळ्यात एका बाजूने उचकटल्या आणि डिंकासारखं काहीतरी पानावर आलं. कुठल्या कंपनीचं होतं ते विचारू नका, नावच नव्हतं त्यावर. त्यावेळी आणखी एक पाप मी केलेलं, काही तिकिटं फोटो अल्बममध्ये, तो चिकट पानांचा आणि वर प्लास्टिक ओढायचा येतो ना, त्यात लावली होती. करू नका. कधीच नका. त्या मऊ पीव्हीसीच्या प्लास्टिकमधून जे सुटतं ते तिकिटाची शाई ओढून घेतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे नवीन रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक तिकिटाजवळ न्यायचं नाही, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर असं लिहिलेलं बघून घ्यायचं.

मग जरा पैसे टाकून लाइटहाउसचं स्टॉकबुक घेतलं, जर्मन आहे, ए-फोर साइझ, काळी पानं, दर पानाला नऊ पारदर्शक पट्ट्या आणि दोन पानांच्या मध्ये पातळ कागद जेणेकरून समोरासमोरची तिकिटं एकमेकांत अडकत नाहीत. मला दीड हजाराच्या आसपास पडलं. महाग वाटतं हो, वहीला दीड हजार म्हटल्यावर नवऱ्याने "पानं सोन्याची आहेत का?" विचारलंच. पण दोन पावसाळे झाले, एक पट्टी हलली नाही. काळ्या पानावर तिकिटाचे पांढरे दाते असे उठून दिसतात की भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा मला हाच डिस्प्ले वाटतो, मांडीवर घेऊन बघायचा. तक्रार एकच, मिनिएचर शीटा त्यात विचित्र बसतात, दोन-तीन पट्ट्या खाऊन वरून डोकं बाहेर काढतात, शीटांसाठी वेगळी मोठ्या कप्प्यांची पानं घ्यावी लागतात. आणि वही नेहमी उभी ठेवायची, पुस्तकासारखी, आडवी टाकून वर काही रचायचं नाही. बाबांच्या डब्याचं तेच तर झालं.

माउंट म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी, मागे काळं आणि पुढे पारदर्शक अशी प्लास्टिकची खिशासारखी पट्टी, तिकीट आत सरकतं, चिकटते ती पट्टी पानाला, तिकीट नाही. आधी लोक हिंज लावायचे, कागदाची छोटी चिकट बिजागरीच, तिने गमवर डाग राहतो, बाबांच्या जुन्या वह्या सगळ्या हिंजवाल्या आहेत आणि १९४८ चा गांधीजींचा दीड आण्याचा स्टँप पण त्यांनी हिंजने लावलाय, बघून पोटात गलबलतं. (१९४८ च्या त्या सेटमध्ये दहा रुपयांचं पण आहे, स्वित्झर्लंडला छापलेला सेट तो, पण दहाचं आमच्याकडे नाही आणि कोणी स्वस्तात देत असेल तर दहादा विचार करा कारण त्याच्या नकला भरपूर फिरतात.) तर मी हाविडच्या पट्ट्या घेतल्या, २१० मिलिमीटर लांबीच्या येतात, उंची आपल्या तिकिटाप्रमाणे निवडायची आणि हव्या त्या रुंदीला कापायच्या. कापायला छोटं पेपर कटर हवंच, कात्रीने तिरकं जातं आणि मग सगळं पान तिरकं दिसतं. पहिल्या दिवशी मी माउंटच्या मागे पोस्टाच्या पाकिटाला लावतात तसं भरपूर पाणी लावलं आणि ते पाणी कडेने आत शिरून एक तिकीट माउंटलाच चिकटलं. ओलसर बोट वरच्या काठावर फिरवलं की पुरे. हे शिकायला एक तिकीट गेलं. पट्ट्या चांगल्या आहेत, पण किंमत इतकी की सगळ्या संग्रहाला लावायचं म्हटलं तर तिकिटांपेक्षा माउंटच महाग होतील, आपल्याकडची गेल्या तीस-चाळीस वर्षांतली बहुतेक तिकिटं दर्शनी किमतीच्या फार वर जातच नाहीत. म्हणून निवडक तिकिटांना माउंट, बाकी सगळी स्टॉकबुकात.

चिमटा घ्या, पुढे गोल चपट्या टोकाचा, भुवयांचा नाही. मुलाला मी आधी चिमटा हातात दिला आणि मग तिकीट, आता तो मला ओरडतो बोट लावलं की.

कपाटात ओलावा मोजायचं छोटं यंत्र ठेवलं, साडेतीनशे रुपयांचं, जुलैत त्याने ८४ टक्के दाखवले. तिकिटांना पन्नासच्या आसपास बरं. तेव्हापासून वह्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात उभ्या आणि सोबत सिलिका जेल, निळे खडे येतात त्यातले, ओलावा प्यायले की गुलाबी होतात, मग कढईत मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे. (कढई वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.) एवढ्याने डब्यात पंचावन्न-साठ राहतं. कोरडं ठणठणीत पण करू नका, गमला तडे जातात आणि तिकीट गुंडाळी होतं.

स्टॉकबुक आणि डबा, पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो किमतीचा.

मग शेवटी कशाचं काय केलं

खादीचं तिकीट परत फोल्डरात, आणि फोल्डर पॉलिप्रॉपिलीनच्या जाड स्लीव्हमध्ये. काठाची रेघ आहे ती आहे. तीन जणांपैकी दोघांनी फोटो बघून किंमत निम्म्यावर आणली, मला विकायचं नव्हतंच पण ऐकून वाईट वाटलं.

बाबांची पाकिटं उघडली तरी फेकली नाहीत. कारण त्यावर पोस्टाचे शिक्के आहेत, काहींवर रजिस्टर्डचं लेबल, आणि मागे बाबांच्या अक्षरात "मिळाले" आणि तारीख. तिकिटाला काही किंमत येवो न येवो, हे पाकीट म्हणजे प्रत्यक्ष टपालातून गेलेली वस्तू आहे आणि अशाच गोष्टी जमवणारे वेगळे लोक असतात हे मला नंतर कळलं. तीही स्लीव्हमध्ये. एक पाकीट मात्र दादाच्या हट्टाने तसंच न उघडता ठेवलंय, मार्च २००९ चं आहे, उजेडापुढे धरलं तर आत काहीतरी चौकोनी दिसतं. तो दिवाळीला आला की आधी ते बघतो.

भिंतीवर लावायचीच हौस असेल तर दोन गोष्टी करता येतात. एक, ब्युरोत किंवा मोठ्या पोस्टात जाऊन चालू तिकिटं दर्शनी किमतीला जास्तीची घ्यायची, पाच-दहा रुपयांची, ती भिंतीवर उडाली रंगाने तरी बदलता येतात, एक भिंतीवर एक वहीत. मुंबईत असाल तर जीपीओत स्वतः जा, १९१३ ची इमारत आहे, तो घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय असं म्हणतात, मान वर करून बघण्यासारखा आहे, आणि काउंटरवर गर्दी नसेल तर माणसं आवडीने दाखवतात. मुलाला तिथल्या एका काकांनी नवीन शीट हातात देताना "धर कडेने, मध्ये बोट नको" सांगितलं, ते त्याला माझ्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा जास्त पटलं. छपाईचं म्हणाल तर आपली तिकिटं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२० च्या दशकापासून छापली जातायत, त्याआधी ती लंडनहून छापून यायची. हे मी त्याला परतीच्या लोकलमध्ये सांगितलं, त्याने ऐकलं असावं.

दुसरी गोष्ट मी स्वतः केली. ती पहिली चौदाशेची फ्रेम होतीच पडून. खादीच्या तिकिटाचा चांगल्या उजेडात फोटो काढला आणि दुकानातून ए-फोर साइझला मोठा प्रिंट करून त्यात घातला, ऐंशी रुपये. आता सोफ्यावरूनही खादीचा धागा न् धागा दिसतो, ऊन लागलं तर लागो, ऐंशी रुपयांत परत काढेन. परवा बाबांचे एक जुने मित्र आले होते, तेही जमवणारे. आल्या आल्या फ्रेमपाशी गेले, नाक पुढच्या प्लास्टिकला लावलं, मग मागे वळून म्हणाले, "अगं हा फोटो आहे." म्हटलं हो काका. "बरं केलंस," म्हणाले, "खरं कुठंय, आण बघू." मी डबा आणला, चिमटा दिला, आणि चहा दोनदा गार झाला.